व्हायोलिनवादकाचा व्यवसाय : वादन, क्वार्टेट आणि शिकवणी

पाश्चात्त्य अभिजात संगीतात व्हायोलिन वाजवून चरितार्थ चालवणाऱ्या माणसाचा आठवडा बाहेरून वाटतो तसा नसतो. सोमवारी विद्यार्थी, मंगळवारी वाद्यवृंदाची तालीम, बुधवारी सकाळी क्वार्टेटची (चार तंतुवाद्यांच्या गटाची) तालीम आणि संध्याकाळी पुन्हा विद्यार्थी, शनिवारी मैफल, आणि या सगळ्याच्या फटीतून काढलेला रोजचा रियाज, अशी त्याची घडी असते. केवळ एकल मैफलींवर जगणारे वादक जगभरात मोजके आहेत. तरीही या वाटेवर नव्याने येणारे बहुतेक जण मनात एक उतरंड रचून येतात : सर्वांत वर एकलवादन, ते न जमल्यास वाद्यवृंद, फावल्या वेळात चेंबर संगीत (क्वार्टेटसारख्या मोजक्या वादकांच्या गटाचे) आणि काहीच हाती न लागल्यास शिकवणी. ही उतरंड चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे सारे मार्गदर्शन त्या मतावर उभे आहे.

व्हायोलिनवादक योझेफ योआखिम (१८३१–१९०७) यांचे उदाहरण पाहा. वयाच्या बाराव्या वर्षी, १८४४ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये मेंडेल्सझोन यांच्या संचालनाखाली बीथोव्हेनचा कंचेर्टो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवला. पुढे १८६९ मध्ये त्यांनी बर्लिनच्या नव्या संगीत विद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले आणि त्याच वर्षी तेथे स्वतःचे क्वार्टेटही उभे केले. ब्राह्म्सचा कंचेर्टो त्यांनी १८७९ च्या पहिल्या दिवशी लाइपझिगमध्ये प्रथम वाजवला, तेव्हा ही तिन्ही कामे जोडीनेच चालू होती. त्यांचे विद्यार्थी लिओपोल्ड आउअर पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकवू लागले आणि आउअर यांच्या वर्गातून मिशा एल्मन, याशा हायफेट्झ, नॅथन मिल्स्टीन असे नामवंत वादक बाहेर पडले. तेव्हा शिकवणी ही वादनाची उतरती कळा नव्हे. वादन, क्वार्टेट आणि शिकवणी ही एकाच कानाची तीन कामे आहेत, आणि तो कान घडवायला पहिल्या वर्षापासूनच लागायचे असते.

वाद्य आणि गज

पूर्ण मापाच्या व्हायोलिनच्या पेटीची (मानेखालच्या पोकळ लाकडी धडाची) लांबी सुमारे ३५.५ सेंटिमीटर असते. लहान मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशी मापे मिळतात. माप ठरवताना वयाकडे पाहू नये, हाताकडे पाहावे : वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे केला असता वाद्याच्या टोकाची गुंडाळी तळव्यात सहज मावली पाहिजे. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे वाद्य घेणारे पालक पैसे वाचवतात आणि मुलाचे मनगट बिघडवतात.

नवशिके गजाकडे (तारांवर फिरवायच्या केस ताणलेल्या काठीकडे) फारसे लक्ष देत नाहीत, हे मला नेहमीच खटकत आले आहे. गजाचे वजन जेमतेम ६० ग्रॅम, लांबी ७४–७५ सेंटिमीटर. पण आवाजाचा पोत, आघात आणि श्वास हे सगळे त्यातून येते. वाद्य आणि गज यांसाठी मिळून जी रक्कम हाताशी असेल, तिचा चांगला हिस्सा गजासाठी राखून ठेवावा, आणि निवड करताना स्वतःच्याच वाद्यावर पाच-सहा गज एकापाठोपाठ वाजवून पाहावेत. त्या वेळी समोर दुसऱ्या कोणाला तरी ऐकायला बसवावे, कारण कानाजवळ मोठा वाटणारा आवाज दालनाच्या मागच्या रांगेत पोहोचतोच असे नाही. चांगले गज परंपरेने ब्राझीलमधील पेर्नाम्बुको लाकडाचे असतात. हे लाकूड २००७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून गज विकत घेताना त्याची कागदपत्रे मागून घ्यावीत आणि परदेशी दौऱ्याआधी त्या त्या देशाचे नियम तपासावेत. जुन्या गजाला हस्तिदंत किंवा कासवाचे कवच असेल, तर अडचण अधिक असते.

देखभालीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावेच लागतात. वाजवून झाल्यावर गज सैल करावा. तारांवर आणि पेटीवर साचलेली राळ मऊ कापडाने पुसावी. हवेतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, नाहीतर लाकडाला चिरा जातात. तारा पिळताना घोडी (तारांना आधार देणारा पातळ लाकडी तुकडा) पुढे झुकते, तेव्हा ती आठवड्यातून एकदा दोन्ही हातांनी अलगद सरळ करावी. रोज वाजवणाऱ्याने वर्षातून दोनदा तरी गजाचे केस बदलून घ्यावेत. वाद्याचा विमा उतरवावा. एवढे पुरे.

रोजचा रियाज

चार तास वाजवले म्हणजे रियाज झाला, असे नाही. पन्नास मिनिटे वाजवून दहा मिनिटे वाद्य खाली ठेवणे ही सवय सुरुवातीपासून लावावी, कारण खांदा, मान आणि डाव्या हाताची दुखणी बहुतेक वेळा अशा न थांबलेल्या तासांतूनच सुरू होतात. दुखत असताना ‘थोडे सहन करून’ वाजवत राहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी काहींना पुढे कित्येक महिने वाद्य हाती धरता आले नाही. चिनरेस्ट (वाद्यावर हनुवटी टेकवायची पट्टी) १८२० च्या सुमारास व्हायोलिनवादक लुडविग श्पोर यांनी आणली आणि तेव्हापासून डावा हात वाद्य धरून ठेवण्याच्या कामातून मोकळा झाला. मात्र चिनरेस्ट आणि शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकणारा आधार) यांची उंची प्रत्येकाच्या मानेनुसार बदलते, म्हणून मित्राची पाहून तशीच घेऊ नये.

पहिला तास स्केल (स्वरांचे आरोह-अवरोह) आणि संथ, लांब गजासाठी असावा. त्यानंतर क्रॉइत्झरचे ४२ अभ्यास, मग रोड, मग डोंट यांचे अभ्यास आणि शेवटी पागानिनीचे २४ काप्रीस (कौशल्याचा कस पाहणाऱ्या लहान रचना), हा क्रम जुना असला तरी अजूनही उपयोगाचा आहे. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या सहा रचना (हस्तलिखितावर १७२० हे वर्ष आहे) रोजच्या रोज थोड्या तरी वाजवाव्यात. प्रवेश परीक्षा, स्पर्धा, ऑडिशन या सर्व ठिकाणी त्यांची गरज पडतेच. त्याशिवाय रोज पंधरा मिनिटे न पाहिलेली स्वरलिपी थेट वाचून वाजवावी. हा भाग कोणी मनापासून करत नाही, पण पुढे ऐनवेळी बदली वादक म्हणून बोलावणे येते, तेव्हा काम मिळते ते याच पंधरा मिनिटांच्या जोरावर.

आता सुराविषयी थोडे सावकाश बोलायला हवे. व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या चार तारा पंचमाच्या अंतराने जुळवलेल्या असतात. डी तारेवर पहिले बोट ठेवून ई हा स्वर काढा आणि शेजारची ए तार मोकळी, म्हणजे बोट न ठेवता, वाजवत तो तिच्याशी जुळवा. मधले अंतर शुद्ध मध्यमाचे आहे, ते जुळले की आवाजातली थरथर थांबते. आता बोट जराही न हलवता तोच ई खालच्या मोकळ्या जी तारेसोबत वाजवा. जी हा षड्ज धरला तर ई हा धैवत, आणि तो धैवत स्वच्छ चढा लागतो. बोट केसभर मागे सरकवल्यावरच तो शांत होतो. हा फरक अर्ध्या स्वराच्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे २२ भागांचा आहे, म्हणजे कानाला अगदी ठळक कळणारा. बोटाची जागा एकच, पण सोबत बदलली की ती कणसूर ठरते. सूर बोटात नसतो, शेजाऱ्यात असतो, हे ज्याला या प्रयोगातून पहिल्या वर्षी कळते, त्याची क्वार्टेटमधली निम्मी भांडणे वाचतात.

गुरू, विद्यालय आणि स्पर्धा

कंझर्व्हेटरी (संगीत विद्यालय) निवडताना इमारतीपेक्षा शिक्षक निवडावा. पदवीची तीन-चार वर्षे आणि नंतरची पदव्युत्तर दोन वर्षे आठवड्याचा एक तास ज्या माणसासमोर उभे राहायचे आहे, त्याच्याकडे अर्जाआधी एक चाचणी धडा घ्यावा आणि शक्य असल्यास त्याच्या वर्गात नुसते बसून पाहावे. पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे : त्याचे विद्यार्थी एकमेकांसारखे वाजवतात की वेगवेगळे? सगळे एकाच साच्यातले वाटले, तर तो शिक्षक आपली नक्कल शिकवतो आहे. दुसरा प्रश्न विद्यालयाला विचारावा : चेंबर संगीताच्या तासाला वेगळे गुण आणि ठरलेला मार्गदर्शक आहे का? जेथे तो विषय ‘जमेल तसा’ चालतो, तेथे चार वर्षांत एकही क्वार्टेट धडपणे उभे राहत नाही.

बहुतेक ठिकाणी प्रवेशाची पहिली फेरी ध्वनिचित्रमुद्रणावर होते. ते मुद्रण अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात करू नये. दोन महिने आधी एकदा करून पाहावे, ऐकावे, निराश व्हावे आणि मग पुन्हा करावे.

स्पर्धांविषयी मी फारसा उत्साही नाही. ब्रसेल्सची आजची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा १९३७ मध्ये बेल्जियन व्हायोलिनवादक इझाईच्या नावाने प्रथम भरली आणि डाविड ओइस्त्राख ती जिंकून जगाला माहीत झाले, हे खरे. पण त्या यादीत पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. वयोमर्यादा बहुधा तिशीच्या आसपास असते. कार्यक्रम तयार करण्याची शिस्त लागावी म्हणून एक-दोन स्पर्धा जरूर द्याव्यात, मात्र सारे आयुष्य निकालावर टांगू नये.

वाद्यवृंदाची ऑडिशन

एका जागेसाठी शंभराहून अधिक अर्ज येणे नवलाचे नाही. पहिली फेरी पुष्कळ ठिकाणी पडद्याआड होते आणि चपलांच्या आवाजावरूनही उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून मंचावर जाजम अंथरलेले असते. मागितले जाते ते साधारण असे : मोझार्टच्या १७७५ मधल्या कंचेर्टोंपैकी तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्याचा पहिला भाग, एखादा रोमँटिक कंचेर्टो, आणि वाद्यवृंदीय उतारे. रिखार्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान, मेंडेल्सझोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधले स्केर्त्सो (चपळ, खेळकर भाग), शूमानच्या दुसऱ्या सिंफनीतले स्केर्त्सो आणि मोझार्टच्या ३९ व्या सिंफनीचा शेवटचा भाग हे उतारे वर्षानुवर्षे यादीत दिसतात. परीक्षक मोझार्टवर बाद करतात, उताऱ्यांवर निवडतात. उतारा तयार करताना मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) लावून नुसती बोटे बसवणे पुरेसे नाही. संपूर्ण रचनेचे मुद्रण ऐकून त्या क्षणी बाकीचे काय वाजवत आहेत हे मनात चालू ठेवावे लागते. पडद्याआडून ते आश्चर्यकारकपणे ऐकू येते. निवड झाली तरी परीक्षणाचा काळ असतो, आणि त्या काळात सहकारी सुरापेक्षाही आधी हे पाहतात की तुम्ही वेळेवर येता का, पेन्सिल सोबत असते का आणि गजाची दिशा शेजाऱ्याशी जुळवून घेता का.

क्वार्टेट उभे करणे

‘चौकडी’ म्हणावे तर आधी चांडाळ आठवतात, म्हणून आपण क्वार्टेटच म्हणू. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे), एक चेलो (त्याहूनही मोठे आणि खालचे). हायडनने यासाठी ६८ रचना मागे ठेवल्या, बीथोव्हेनने १६, बार्टोकने ६, शोस्ताकोविचने १५. एका आयुष्याला पुरून उरेल इतके साहित्य आहे. सुरुवात हायडनपासूनच करावी. त्यात लपायला जागा नसते.

साथीदार निवडताना सर्वांत कुशल चौघे शोधू नयेत; एकमेकांची टीका ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर येणारे चौघे शोधावेत. अमाडेउस क्वार्टेटमध्ये १९४७ पासून १९८७ पर्यंत तेच चार वादक होते, आणि व्हायोलावादकाच्या निधनानंतर उरलेल्या तिघांनी दुसरा शोधण्याऐवजी ते बंद केले. एमर्सन क्वार्टेटचे दोन्ही व्हायोलिनवादक मात्र प्रथम आणि द्वितीय जागा आलटून पालटून घेत. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती चालवायची हे पहिल्या महिन्यात ठरावे. नवख्यांना मी एक वर्ष तरी द्वितीय व्हायोलिन वाजवायला सांगतो. प्रथम व्हायोलिन स्वतःचे ऐकून निभावून नेऊ शकते. द्वितीय व्हायोलिनला तो चैनीचा पर्याय नसतो.

तालमीची पद्धत अशी ठेवावी. सर्वांच्या स्टँडवर आपापला भाग असतो, पण मध्ये निदान एक पूर्ण स्वरलिपी उघडी असावी. कठीण जागी आधी बोटाच्या कंपनाशिवाय, संथ, नुसते स्वर वाजवावेत, आणि चेलोपासून वर एकेक स्वर चढवत जुळवावे. आमच्या क्वार्टेटमध्ये एकदा हायडनच्या एका संथ भागात शेवटचा सी मेजरचा मेळ (एकत्र वाजणारे स्वर) काही केल्या बसेना. मी माझी मोकळी ई तार वाजवत होतो आणि ती ए तारेशी अगदी स्वच्छ जुळलेली होती, म्हणून दोष बाकीच्यांचा, असे मी दहा मिनिटे ठासून सांगत राहिलो. शेवटी चेलोवादक काही न बोलता आपली सी तार धरून बसला. त्या आवाजावर माझी ई तार काचेसारखी टोचू लागली. गणित सरळ आहे : चेलोच्या सी पासून जी, डी, ए करत चार शुद्ध पंचम चढले की येणारा ई हा सी च्या शुद्ध गंधारापेक्षा तेवढ्याच २२ भागांनी चढा असतो. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे मोकळी तार सोडून बोटाने ई घेणे आणि तो उतरवणे. दुसरा म्हणजे तारा जुळवतानाच चौघांनी प्रत्येक पंचम किंचित अरुंद ठेवणे. पुष्कळ क्वार्टेटे दोन्ही करतात.

वाद झाला की बोलू नये, वाजवावे. एकाचे म्हणणे पूर्ण मनाने वाजवून पाहायचे, मग दुसऱ्याचे, तितक्याच मनाने. अर्ध्या मनाने वाजवून ‘पाहा, जमत नाही’ म्हणणे हा क्वार्टेटमधला सर्वांत जुना डाव आहे.

व्यवहाराच्या बाबी लेखी असाव्यात, मैत्री असली तरी, किंबहुना असली म्हणूनच. मानधन चौघांत समान वाटले जाईल, त्यातला ठरलेला भाग सामाईक खर्चासाठी बाजूला पडेल, पत्रव्यवहार, स्वरलिपी, प्रवास आणि हिशेब कोण पाहील, एखादा बाहेर पडल्यास नाव कोणाकडे राहील, हे एका पानात मावते. आयोजकाशीही तसेच : तारीख, मानधन, प्रवास, मुद्रणाचे हक्क आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय. एकदा आम्ही नुसत्या शब्दावर विसंबून एका मैफलीसाठी तीन महिने नवा कार्यक्रम बसवला आणि आठ दिवस आधी ती रद्द झाल्याचा दूरध्वनी आला. हातात कागद नसल्याने मागायलाही काही उरले नव्हते.

आणखी एक शारीरिक बाब येथेच सांगतो. व्हायोलिनची पेटी डाव्या कानाला जवळजवळ टेकलेली असते, त्यामुळे वादकांचा डावा कान उजव्यापेक्षा जास्त आवाज झेलतो. संगीतकारांसाठी बनवलेले कानातले बोळे सर्व स्वरपट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करतात. साधे बोळे वरचे स्वर गिळतात. रियाजात डाव्या कानात असा एक बोळा घालून वाजवण्याची सवय लावावी आणि दरवर्षी श्रवणतपासणी करून घ्यावी.

शिकवणी

शिकवायला पदवी संपेपर्यंत थांबू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच एक-दोन विद्यार्थी घ्यावेत, पण आपल्या शिक्षकाला सांगून, आणि अधूनमधून त्यांच्यासमोर शिकवून. स्वतःला सहज येणारी गोष्ट दुसऱ्याला समजावताना आपल्याला ती मुळात का येते हे प्रथमच शोधावे लागते, आणि तो शोध थेट आपल्या वादनात उतरतो.

लहान मुलांना तीस मिनिटांचा धडा पुरतो. पहिल्या काही आठवड्यांत गजाची पकड पेन्सिलवर शिकवावी : अंगठा वाकलेला, करंगळी गोल, पेन्सिल सैल. ती पकड पेन्सिलवर बसली की मगच गज हातात द्यावा, कारण गजाचे वजन आले की मुले घाबरून मूठ आवळतात. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी मातृभाषा शिकावी तसे ऐकून शिकण्यावर भर दिला आणि पालकांना धड्यात बसवले. त्यांची सगळी पद्धत स्वीकारली नाही तरी या दोन गोष्टी घ्याव्यात. फक्त स्वरलिपीवाचन फार पुढे ढकलू नये. नुसत्या कानावर वाढलेले मूल दहाव्या वर्षी क्वार्टेटमध्ये बसले की गोंधळून जाते.

एका धड्यात एकच दोष दुरुस्त करावा. नवा शिक्षक सात दोष पाहतो आणि सातही सांगतो. मूल घरी जाऊन एकही सुधारत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक वही ठेवावी आणि धडा संपताना त्यात या आठवड्याची एकच गोष्ट त्याच्याकडून लिहून घ्यावी, त्याच्या शब्दांत. विद्यार्थी ‘उजवे कोपर जड’ असे लिहितो की ‘नीट वाजवणे’, यावरून धडा पोहोचला की नाही हे लगेच कळते. फी, चुकलेल्या धड्याचा नियम आणि सुट्ट्या पहिल्याच दिवशी पालकांना लेखी द्याव्यात. वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांची लहानशी मैफल घ्यावी, आणि त्यात प्रत्येकाने किमान एक रचना दुसऱ्या कोणासोबत वाजवावी, मग ती दोन मोकळ्या तारांची साथ का असेना.

विद्यार्थी आपल्यापुढे जाऊ लागला तर त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवावे लागते. हे ओळखण्याची माझी खूण अशी : सलग तीन धड्यांत मी त्याला केवळ ‘छान’ म्हणालो असेन, तर त्याला नवा कान हवा आहे. त्या वेळी फोन आपण स्वतः करावा, विद्यार्थ्याची वही नव्या शिक्षकाकडे द्यावी आणि नवा शिक्षक गजाची पकड बदलायला सांगेल तेव्हा मध्ये बोलू नये.